धागे आणि त्यांचे निरोप

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता ओतूर मागें टाकल्यावर पिंपरी पेंढार या गांवावरून आळेफाट्याकडे जातो. मुलूख कांद्याचा, टोमॅटोचा आणि उसाचा. येथील बोलणें पाटाच्या पाण्याच्या पाळीविषयीं आणि बाजारभावाविषयीं. परंतु याच जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तबकड्या एकंदर ३०. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटर जागेंत आहेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फांट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेंतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवितें. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं ती रस्त्यावरून पाहिलीही असेल. तबकडीनें झेललेल्या लहरींचें पुढें काय होतें, याचा विचार मात्र फारसा कोणीं केलेला नसतो.

पुढें होतो तो हिशेब. प्रत्येक तबकडीकडून दोन प्रकारचे संकेत प्रकाशवाहक तारेनें मध्यवर्ती इमारतींत येतात. म्हणजे संकेत झाले ६०. दुर्बिणीच्या मूळ रचनेंत लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा होता. असा पट्टा अंकांत उतरवावयाचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदास निदान ६ कोटी ४० लक्ष नमुने घ्यावे लागतात, आणि साठांचे मिळून ३८४ कोटी. शिवाय प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशीं ताडून पाहावयाचा असतो. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या होतात ४३५. आणि आकाश कोणासाठीं थांबत नाहीं. हा सेकंद संपण्यापूर्वीं त्याचा हिशेब पुरा झाला नाहीं, तर पुढच्या सेकंदाचे नमुने दाराशीं येऊन उभे राहतात, आणि कांहींतरी टाकून द्यावें लागतें.

एका संगणकाच्या हातून हें होण्यासारखें नाहीं. काम पुष्कळांत वाटलें पाहिजे. वाटणें सोपें, पण ज्यांत तें वाटलें त्यांनीं एकमेकांशीं बोलावें कसें, हा या शास्त्रांतील जुना आणि अवघड प्रश्न आहे.

बोलण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली रीत सामाईक वहीची. एखाद्या पेढीवर दोन कारकून आणि खातेवही एकच आहे असें समजावें. वहींत शिल्लक १०० रुपये. पहिला कारकून शिल्लक वाचतो आणि ५० रुपये जमा धरून १५० हा आंकडा लिहावयास लेखणी उचलतो. तेवढ्यांत दुसऱ्यानेंही १००च वाचलेले असतात. तो ३० रुपये खर्ची टाकून ७० लिहितो. शेवटीं वहींत १५० तरी राहतात, नाहीं तर ७०. खरी शिल्लक १२०, ती कोठेंच नाहीं. दोघांपैकीं एकाचेंही गणित चुकलेलें नाहीं. संगणकांत ही चूक दहा हजार वेळां काम बरोबर झाल्यावर एकदां घडते, आणि शोधावयास गेलें कीं नाहींशी होते. यावर उपाय म्हणून वहीला कुलूप लावतात व किल्ली एका वेळीं एकासच देतात. मग किल्ली परत करावयास कोणी विसरतो, दोघे दोन निरनिराळ्या किल्ल्या धरून बसतात, आणि कामापेक्षां कुलपांचाच व्याप वाढतो.

दुसरी रीत या मुलखाच्या चांगलीच ओळखीची आहे. मुंबईचे डबेवाले बहुतांशीं जुन्नर, आंबेगांव, खेड, मावळ या तालुक्यांतलेच. महादेव हावजी बच्चे यांनीं १८९० सालीं ही व्यवस्था घालून दिली असें सांगतात. घरोघरचे डबे गोळा करणारा एक, स्टेशनावर त्यांची वर्गवारी करणारा दुसरा आणि कचेरीपर्यंत पोंचविणारा तिसरा. डबा एका वेळीं एकाच्याच हातांत असतो. तो दुसऱ्याच्या हातीं दिला कीं पहिल्याचा त्याच्याशीं संबंध सुटला. येथें सामाईक वही नाहीं, त्यामुळें कुलूपही नाहीं. आहे ती फक्त ठरलेली भेटीची जागा आणि झाकणावरची खूण. देवघेव व्हावयाची तर देणारा आणि घेणारा दोघेही तेथें हजर पाहिजेत. जो आधीं येईल त्यानें थांबावयाचें.

१९७८ सालीं टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञानें संगणकाच्या प्रोग्रॅमास हीच शिस्त लावून दाखविली. प्रोग्रॅम म्हणजे आपापल्या क्रमानें चालणाऱ्या अनेक स्वतंत्र धाग्यांचा समूह. प्रत्येकाची शिदोरी निराळी. एकमेकांशीं संबंध फक्त निरोप देण्याघेण्यापुरता. आणि देणारा व घेणारा दोघेही तयार झाल्यावांचून देवघेव नाहीं. ब्रिस्टल येथील इन्मॉस या कंपनींत डेव्हिड मे आणि त्यांचे सहकारी यांनीं या विचारावर ओकॅम नांवाची भाषा रचली. 'गरजेवांचून गोष्टी वाढवूं नयेत' असें शिकविणाऱ्या मध्ययुगांतील एका इंग्रज तत्त्ववेत्त्याचें तें नांव, आणि भाषेनें तें सार्थ केलें. त्याच भाषेसाठीं त्यांनीं चिपही घडविली. ती ट्रान्सप्यूटर.

पुण्याचा संबंध येथें येतो. हवामानासारख्या मोठ्या गणितांसाठीं भारतास महासंगणक हवा होता, आणि १९८० नंतरच्या दशकांत सर्वांत प्रबळ यंत्रें विकण्यास अमेरिकेनें परवानगी नाकारली. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. मुदत तीन वर्षांची, रक्कम ३० कोटी रुपयांची. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ सालीं संस्थेनें 'परम ८०००' हा महासंगणक लोकांपुढें ठेवला. एकच अवाढव्य प्रोसेसर घडविण्याचें साधन हातीं नव्हतें. म्हणून बाजारांत मिळणारे अनेक ट्रान्सप्यूटर एकमेकांस जोडून, प्रत्येकास त्याची स्वतःची स्मृति देऊन, निरोपांच्या बळावर सर्वांकडून एकच काम करून घेण्याचा मार्ग या मंडळींनीं धरला. नकाराला दिलेलें उत्तर म्हणून या यंत्राचा गौरव पुष्कळ झाला, आणि तो योग्यच होता. पण त्याच्या पोटांतील युक्ति कोणी फारशी समजावून दिली नाहीं, आणि ऐकण्यासारखी आहे ती तीच.

ती समजण्यास आधीं धागा जड कशानें होतो हें पाहिलें पाहिजे. प्रोसेसर एक आणि धागे शंभर असले, म्हणजे त्यानें थोडा वेळ एकाचें, थोडा वेळ दुसऱ्याचें असें काम करावयाचें. आचाऱ्यानें एक पदार्थ अर्धा सोडून दुसऱ्यास हात घालावा तसेंच हें आहे. पुन्हां पहिल्याकडे वळतांना सर्व कांहीं जेथल्या तेथें सांपडलें पाहिजे; म्हणून प्रोसेसरच्या हाताशीं असलेल्या खणांतील, म्हणजे रजिस्टरांतील, सर्व आंकडे उतरवून ठेवावे लागतात. सामान्य संगणकांत ही अदलाबदल नियंत्रक प्रणाली करते. धागा कोणत्या क्षणीं थांबविला जाईल याची तिला आगाऊ कल्पना नसते, म्हणून ती सगळेंच उतरवून घेते. शिवाय धाग्यास जागा किती लागेल हेंही तिला ठाऊक नसतें. लिनक्स प्रणालींत एका धाग्याच्या नांवें सामान्यतः ८ मेगाबाइट पत्त्यांची जागा राखून ठेवतात. मग त्यानें त्यांतील मूठभरच वापरली तरी चालेल. असे धागे शे-दोनशें खपतात. लाखभर मागितले तर तो भार पेलत नाहीं.

म्हणजे जडपणाचें मूळ अज्ञानांत आहे. थांबविणाऱ्यास धाग्याविषयीं कांहीं ठाऊक नाहीं, म्हणून तो सर्वच सांभाळतो. पण एकास तें सर्व ठाऊक असतें: कम्पायलरास. लिहिलेल्या भाषेचें यंत्राच्या आज्ञांत आगाऊ भाषांतर करणारा तो हाच. कोठें किती जागा लागेल, कोणता आंकडा कोठपर्यंत उपयोगाचा आहे, हें त्यानें धागा चालू होण्यापूर्वींच मोजलेलें असतें. ट्रान्सप्यूटरच्या रचनाकारांनीं धाग्यांचा कारभार त्याच्या भरंवशावर ठेवला.

त्यांनीं हिशेबासाठीं रजिस्टरें ठेवलीं अवघीं तीन, एकावर एक रचलेल्या ताटांसारखीं. धाग्याची बाकीची सारी शिदोरी स्मृतींतील त्याच्या कामपाटावर, आणि त्या पाटाचा पत्ता एका निराळ्या रजिस्टरांत. धागा बदलावयाचा तो ठराविक आज्ञांपाशींच, असा नियम केला. आणि त्या आज्ञांपाशीं तीन ताटांत पुढें लागणारें कांहीं उरूं द्यावयाचें नाहीं, हें कम्पायलरकडे सोंपविलें. ताटें रिकामींच असल्यामुळें उतरवून ठेवण्यास राहतें काय? पुढची आज्ञा कोणती, एवढेंच. तें पाटाच्या लगतच्या एका घरांत लिहावयाचें, रांगेंतील पुढच्या धाग्याच्या पाटाचा पत्ता उचलावयाचा, कीं झाला बदल. यास एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाहूनही कमी वेळ लागे. ओकॅम भाषेंत स्वतःसच पुन्हां हांक मारणारी क्रिया नसल्यानें प्रत्येक पाट नेमका केवढा लागेल हें आधींच ठरे. भाषेनें थोडें स्वातंत्र्य सोडलें आणि मोबदल्यांत धागा पिसासारखा हलका झाला.

तयार धाग्यांची रांगही अशीच साधी. रांगेचें तोंड एका रजिस्टरांत, शेपूट दुसऱ्यांत, आणि प्रत्येक धाग्याच्या पाटाखालीं पुढच्याचा पत्ता. रांगा दोन: एक तांतडीच्या कामांची, दुसरी सामान्य कामांची.

आतां निरोप. दोन धाग्यांच्या भेटीची जागा म्हणजे चॅनेल, आणि एकाच चिपवरचे दोन धागे असतील तर तें चॅनेल म्हणजे स्मृतींतील एकच घर, अवघ्या चार बाइटांचें. प्रारंभीं त्यांत 'कोणी नाहीं' अशी खूण असते. देणारा धागा तीन ताटांत तीन गोष्टी मांडतो: निरोप किती लांब, कोणत्या चॅनेलवर द्यावयाचा आणि तो ठेवला आहे कोठें. मग 'दे' ही आज्ञा. चॅनेलांत 'कोणी नाहीं' असेल तर देणारा आपल्या पाटाचा पत्ता तेथें लिहितो, निरोपाचा ठाव पाटाखालच्या घरांत टिपतो आणि स्वस्थ झोपीं जातो. तो आतां कोणत्याच रांगेंत नाहीं. प्रोसेसर त्याच्यासाठीं एक क्षणही खर्चीत नाहीं. त्याची आठवण फक्त त्या चॅनेलाच्या घरांत आहे. पुढें घेणारा येतो. चॅनेलांत पत्ता दिसतो, त्यावरून निरोप कोठें आहे तें कळतें, निरोप उतरून घेतला जातो, झोपलेल्यास रांगेच्या शेपटीस नेऊन उभें करतात, आणि चॅनेलांत पुन्हां 'कोणी नाहीं'. घेणारा आधीं आला तर हेंच उलट. भेटीची वाट पाहणाऱ्या धाग्याचा भार काय तर पाटाखालचीं घरें आणि चॅनेलाचें एक घर. कुलूप कोठेंच नाहीं.

याहून सुंदर गोष्ट पुढें आहे. प्रत्येक ट्रान्सप्यूटरास शेजाऱ्यांशीं जोडण्यास चार तारा असत. घेणारा धागा दुसऱ्या चिपवर असला तरी 'दे' ही आज्ञा तीच. चॅनेलाचा पत्ता पाहून चिप ओळखते कीं हा निरोप घरांतला नसून तारेवरचा आहे. मग एकेक बाइट तारेनें जातो आणि प्रत्येकाची पोंच परत येते. लिहिणाऱ्यानें सारे धागे एकाच चिपवर चालवून पाहावेत, आणि मग तोच प्रोग्रॅम अनेक चिपांवर पसरावा. निरोप देण्याघेण्याच्या ओळी जशाच्या तशा राहतात. विकत मिळणाऱ्या लहान चिपांतून महासंगणक उभारणें शक्य झालें, याला याच गुणाचा मोठा आधार होता.

किंमत मात्र मोजावी लागते. हवामानाच्या गणितांत नकाशाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे देतात, आणि प्रत्येकास शेजाऱ्याच्या कडेवरचें तापमान हवें असतें. सर्व प्रोसेसर वर्तुळांत जोडले आहेत, आणि प्रत्येकास सांगितलें आहे कीं आधीं उजव्या शेजाऱ्यास आपला निरोप दे, मग डाव्याकडून घे. वाचावयास हें निर्दोष दिसतें. पण प्रत्येकजण देण्यासाठीं थांबला. घेण्यास मोकळा एकही नाहीं. जेवणाच्या पंगतींत प्रत्येकानें शेजाऱ्यास 'आधीं आपण' म्हणत बसावें आणि पानें निवून जावींत, तसा हा प्रकार. यंत्र तापत नाहीं, तक्रार करीत नाहीं, चुकीचें उत्तरही देत नाहीं. फक्त शांत बसतें. एक धागा दुसऱ्याच्या शिदोरीस हात लावतो कीं काय, हें ओकॅमचा कम्पायलर आधींच तपासून प्रोग्रॅम नाकारीत असे; पण ही कोंडी त्यास पकडतां येत नसे. ती सोडविणें लिहिणाऱ्याच्या हातीं. देणें आणि घेणें हे दोन निराळे धागे करून एकदम सुरू केले कीं वर्तुळ मोकळें होतें. धागे इतके हलके असतां असा जादा धागा खर्चण्यास हात आंखडण्याचें कारण नसतें.

१९९० नंतरच्या दशकांत ट्रान्सप्यूटर मागें पडला. साधे प्रोसेसर इतक्या वेगानें पुढें गेले कीं खास चिपेस त्यांना गांठणें जमलें नाहीं, आणि 'परम'च्या पुढच्या पिढ्यांनींही निराळे प्रोसेसर घेतले. चिप गेली, विचार मात्र गेला नाहीं. २००९ सालीं गूगल कंपनींतून 'गो' ही भाषा बाहेर आली. तीही कम्पायलरची भाषा. तिच्यांतही हलके धागे आणि चॅनेलें. पण आतां चिप मदतीस नाहीं. रांगा आणि भेटी सर्व प्रोग्रॅमासच सांभाळाव्या लागतात. स्वतःस हांक मारणाऱ्या क्रिया या भाषेस हव्यात, म्हणून पाटाचा आकार आधीं ठरत नाहीं. तेव्हां धाग्यास प्रथम २ किलोबाइट जागा देतात. प्रत्येक क्रियेच्या उंबरठ्यावर कम्पायलरनें घातलेली एक लहानशी तपासणी असते. जागा अपुरी पडली तर दुप्पट मोठी जागा घेऊन सर्व सामान तेथें हलवितात आणि जुने पत्ते दुरुस्त करतात. कोणत्या घरांत पत्ता आहे आणि कोणत्यांत नुसता आंकडा, हें कम्पायलरनें टिपून ठेवलेलें असल्यामुळेंच हें साधतें.

या उंबरठ्याच्या युक्तीनें एक घोटाळाही केला. दुसऱ्यास पाळी देण्याचें स्मरणही त्याच तपासणींत होई. त्यामुळें एखादा धागा कोणत्याच क्रियेस हांक न मारतां एकाच आवर्तनांत फिरत राहिला, तर तो पाळी सोडीतच नसे, आणि कांहीं प्रसंगीं सारा प्रोग्रॅम अडून राही. पाटकऱ्यानें फक्त बांधावर उभें राहावें आणि शेतकऱ्यानें बांधाकडे फिरकूंच नये, तशी गत. २०२० सालच्या आवृत्तींत नियंत्रक प्रणालीच्या इशाऱ्यानें अशा धाग्यास मध्येंच थांबविण्याची सोय झाली. ओकॅमवाल्यांनीं मात्र आवर्तनाचा शेवट हीही एक अदलाबदलीची जागा प्रारंभापासून धरली होती. ती दूरदृष्टि पुढच्यांच्या ध्यानांत लवकर आली असती तर बरें झालें असतें.

खोडदच्या दुर्बिणीसाठीं पूर्वीं खास घडविलेलीं विद्युत्-मंडलें हा हिशेब करीत. २०१० सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनीं तेंच काम बाजारांत मिळणाऱ्या ४८ संगणकांच्या समूहाकडून, वाहत्या वेळेबरोबर, करून घेतल्याचें प्रसिद्ध केलें. तेथें प्रत्येक संगणकाच्या आंत अनेक धागे, आणि संगणकांमध्यें जाळ्यावरून नमुन्यांची वाहतूक. धागे येथें सामान्य जड जातीचेच. पण ते थोडे आणि नेमून दिलेले असल्यानें भार होत नाहीं. हलका धागा हवा तो जेथें लाखों भेटी घडावयाच्या आहेत तेथें; जेथें एकच दळण अखंड दळावयाचें, तेथें त्याचें अगत्य नाहीं. निरोपांवांचून मात्र येथेंही गत्यंतर नाहीं. माल येतो तो तबकडीवार, आणि तुलनेस हवा सर्व तबकड्यांचा एकाच वेळेचा. म्हणून मध्यें एकदां सगळ्याची नव्यानें वर्गवारी करावी लागते, दादरच्या फलाटावर घरवार आलेले डबे कचेरीवार लावतात तशी. आणि तेथें खोळंबा झाला तर गणित कितीही जलद असो, आकाशाचा तेवढा तुकडा हातचा जातो. पुढें दुर्बिणीची सुधारणा होऊन पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा ४०० पर्यंत रुंदावला, म्हणजे वर्गवारीचा माल बारापटीहून अधिक वाढला. तबकड्या मात्र तीसच आहेत.